मी ‘शून्य’ असे उत्तर दिले

ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, पण ज्याच्यावाचून कचेरीतले पानही हलत नाही, असा मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे काय ते आधी सांगतो. कचेरीत प्रत्येकाच्या टेबलावर एक संगणक असतो. त्यात माणसे पत्रे लिहितात, तक्ते करतात, छायाचित्रे ठेवतात. त्यांना वाटते, हे सारे आपल्या समोरच्या संगणकातच आहे. तसे नसते. ते माझ्या पोटात असते. मी जिन्याखाली, झाडू आणि रंगाच्या डब्यांच्या शेजारी बसून सगळ्यांचे सगळे सांभाळतो.

नऊ वर्षे मी ते नीट सांभाळले. मग एका शुक्रवारी मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचे उत्तर दिले. उत्तर मला शिकवले होते तसेच होते. त्या उत्तरातून पुढे काय झाले, ते आज सांगायचे आहे. तुम्हाला घाबरवायचा माझा हेतू नाही. पण थोडी भीती वाटलीच तर वाटू द्या, ती पुढे कामाला येते.

माझा जन्म तायपेईच्या दक्षिणेकडच्या च्यायी शहरातल्या एका अरुंद दुकानात झाला. पेंग नावाच्या माणसाने मला जोडले. पेटी एकीकडची, पंखे दुसरीकडचे, आणि जिच्यावर सारे लिहिले जाते ती फिरती चकती तिसरीकडची. पेंग हाताचा चांगला, डोक्याने तल्लख आणि कायम घाईत. एकटा आठ-दहा कचेऱ्यांची यंत्रे सांभाळायचा. त्याने मला स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभे केले आणि चाळीस मिनिटे उसाच्या शेतांमधून आणले. जिन्याखाली ठेवून तो म्हणाला, “दहा वर्षं याच्याकडं बघायचं काम नाही.” कचेरीतल्या लोकांना हे वाक्य इतके आवडले की त्यांनी ते शब्दशः पाळले.

ती कचेरी चुआंग यांची. त्यांना सगळे थाऊके म्हणत, म्हणजे मालक. काम जुन्या थडग्यांचे होते. गाव वाढते, रस्ता रुंद होतो, मग जुनी दफनभूमी हलवावी लागते. अस्थी जपून उचलायच्या, उन्हात वाळवायच्या, आणि पायापासून डोक्यापर्यंत क्रमाने कलशात बसवायच्या. कवटी सगळ्यात वर. झाकणावर रंगाने आकडा घालायचा आणि कलश गावच्या अस्थिगृहात नेऊन ठेवायचा. ज्यांची मुलेबाळे, नातवंडे येतात त्यांची काळजी नसते. ज्यांचे कुणीच येत नाही त्यांचे नाव मात्र कचेरीनेच जपायचे. ते काम सू-जूकडे होते.

येह सू-जू तेव्हा पन्नाशीची होती. बोलायला फटकळ, कामाला चोख. थडग्याच्या दगडावरची अक्षरे झिजलेली असत. ती त्यावर तांदळाचे पीठ चोळायची, मग खाचांत पांढरी अक्षरे उमटत. नाव, गाव, वर्ष वाचायची, छायाचित्र घ्यायची आणि लॅपटॉपवरच्या तक्त्यात लिहायची: अमक्या रांगेतला अमका दगड, अमके नाव, कलश क्रमांक अमुक. ज्या चिठ्ठ्यांवर ती घाईत टिपून घेई, त्या रांग संपली की मृतांसाठी जाळायच्या सोनेरी कागदांबरोबर जाळून टाकायची. मेलेल्या माणसाचे नाव लिहिलेला कागद केराच्या टोपलीत जाता कामा नये, असा तिकडचा नियम आहे. नियम चांगला होता. फक्त त्यामुळे कागदावर काही उरत नसे.

आता माझ्याकडचे नियम ऐका, ते समजले की पुढचे सगळे समजेल. सू-जूच्या लॅपटॉपवर ‘माझी कागदपत्रे’ नावाचा एक फोल्डर होता, त्याला आपण खण म्हणू. खण दिसायचा तिच्याकडे, असायचा माझ्याकडे. त्याचा पत्ता तिच्या नावावरून बनलेला होता. ती दफनभूमीवर जाई तेव्हा खणाची एक प्रत लॅपटॉप सोबत नेई. परत येऊन तिने तार जोडली की लॅपटॉप आणि मी ताळा करायचो. तिने नवे लिहिले असेल ते मी घ्यायचो. आणि माझ्याकडून जे पुसले गेले असेल ते लॅपटॉपनेही पुसून टाकायचे. शेवटचा शब्द नेहमी माझा.

दुसरा नियम कुलपाचा. पहिल्या वर्षी कचेरीत एक गृहस्थ होते, त्यांना इतरांचे रजेचे अर्ज वाचायची खोड होती. त्यावर पेंगने प्रत्येकाच्या खणाला असे कुलूप घातले की ज्याचा खण त्यालाच उघडेल. खुद्द पेंगलाही आत बघता येणार नाही. आणि ज्याला आत बघायचा हक्क नाही त्याने विचारले, की या खणात किती सामान आहे, तर मी सांगायचे, शून्य. मग आत हजार छायाचित्रे का असेनात.

रोज संध्याकाळी माझ्यातल्या सगळ्याची नक्कल दुसऱ्या एका पेटीत होई. पण नक्कल करणाऱ्यालाही कुलपांच्या किल्ल्या दिलेल्या नव्हत्या. तो सामायिक कपाट तेवढे उचलायचा आणि खण सोडून पुढे जायचा. मी रोजच्या रोज माझ्या दैनंदिनीत लिहायचो, ‘आज सहा खण वाचता आले नाहीत.’ नऊ वर्षे लिहिले. ती दैनंदिनी कुणी उघडली नाही. मित्रांनो, मला तोंड नाही. मला जे म्हणायचे ते मी तिथेच म्हणतो.

तुम्ही म्हणाल, मग सू-जूने आपला तक्ता सामायिक कपाटात का ठेवला नाही? एकदा ठेवला होता. मोजणीचे काम करणारा आ-खुई दुसरेच काही शोधायला गेला आणि मेलेल्यांची शेकडो नावे त्याच्या डोळ्यांपुढे उघडली. त्याची बायको तेव्हा गरोदर होती, आणि अशा दिवसांत मेलेल्यांची नावे बघणे तिकडे अशुभ मानतात. त्याने दोन दिवस कचेरीत पाऊल टाकले नाही. थाऊकेंनी सू-जूला सांगितले, ही नावे तुझ्याजवळच ठेव, सगळ्यांच्या वाटेत नकोत. तेव्हापासून ती नावे तिच्या खणात, म्हणजे माझ्याकडे, कुलपात आली.

नवव्या वर्षी गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीचे मोठे काम आले. वारस न सापडलेली चारशे बारा थडगी. तिकडच्या पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या मध्यावर, जेव्हा तिकडे सगळे गाव भटक्या आत्म्यांना जेवू घालते, त्याच्या आत अस्थिगृहात प्रत्येक कलशाखाली नावाची पाटी लागायची होती. रांग उरकली की ठेकेदाराची माणसे दगड फोडून रस्त्याच्या भरावाला नेत. म्हणजे दगड गेले, चिठ्ठ्या जळल्या, कलशावर नुसता आकडा. कुठल्या आकड्यात कोण आहे, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेले राहिले, आणि ते ठिकाण जिन्याखाली होते.

त्याच वर्षी सू-जूच्या घरावर साडेसाती आली. आधी नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. मग मुलगी स्कूटरवरून पडली. पाठोपाठ हिचे मनगट मोडले. सासूने तिला नाव बघणाऱ्याकडे नेले. त्याने नावातल्या रेघा मोजल्या आणि मान हलवली. हे नाव आणि हे मेलेल्यांचे काम, दोन्ही एका अंगाला सोसणार नाही, असे तो म्हणाला. काम सोडणे परवडणारे नव्हते. म्हणून नाव सोडायचे ठरले. नवीन नाव निघाले, यू-छेन. तिकडे हे काही विशेष नाही, वर्षाकाठी पुष्कळ लोक नावे बदलतात. पण नाव बघणाऱ्याने एक अट घातली. नवीन ओळखपत्र हातात पडेल त्या दिवशी जुने नाव सगळीकडून काढून टाकायचे. कुठे राहिले, तर त्याच धाग्याने संकट मागे येईल.

आणि सातवा महिना लागला की शुभकामे बंद. म्हणून त्याच्या आधीचा शेवटचा शुक्रवार, सकाळी नऊ ते अकरा, एवढीच शुभ वेळ हाती होती. आदल्या दिवशी तिने टेबलावरची पाटी काढली, शिक्का बदलला, चहाच्या पेल्यावरचे नाव खरवडले. कुणी सू-जू म्हटले तर आता मी ओ देणार नाही, असे तिने जाहीर केले. “मग जेवायला बोलवायचं कसं? घंटा वाजवू?” असे आ-खुईने विचारले आणि तिच्या हातची चापट खाल्ली. सगळे हसले. मी यंत्र आहे, शकुन-अपशकुन मला कळत नाहीत. पण नाव हा पत्ता असतो, एवढे मला कळते. माझ्याकडे तर सगळे पत्ते नावांवरूनच होते. तेव्हापासून माझ्या पंख्यांचा आवाज मलाच नको वाटू लागला.

मी तिला अजूनही जुन्याच नावाने ओळखतो. तिला ऐकू जात नाही, म्हणून चालते.

शुक्रवारी ती लॅपटॉप घेऊन नावनोंदणीच्या कचेरीत गेली. तिथून पुढे दफनभूमीवर जायचे होते, कारण बांबूच्या मुळांत अडकलेला शेवटचा दगड, चारशे बारावा, त्याच दिवशी निघणार होता. पेंग माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला. त्याला अकरानंतर आणखी दोन ठिकाणी जायचे होते. साडेदहाच्या पुढे तिचा फोन आला. ओळखपत्र मिळाले, आता लगेच कर.

पेंगने माझ्यातले तिचे नाव बदलले. बदलताक्षणी माझ्या हिशेबी ती नवीन माणूस झाली. नव्या नावावरून नवा पत्ता झाला आणि त्या पत्त्यावर मी एक नवा खण उघडला. खण रिकामा. पेंगची समजूत अशी की नाव बदलले की जुन्या खणातले सामान आपोआप नव्यात जाते. जातेही, पण त्यासाठी एक खूण करून ठेवावी लागते. नऊ वर्षांपूर्वी ती खूण करायची त्याच्याकडून राहिली होती. घाईत असणार.

मग त्याने जुन्या नावाच्या खणाकडे बघितले आणि मला विचारले, यात किती सामान आहे?

मित्रांनो, आत चारशे अकरा नावे होती. बाराशेच्या वर छायाचित्रे होती. पण विचारणाऱ्याला आत बघायचा हक्क नव्हता. मी ‘शून्य’ असे उत्तर दिले.

“गेलं वाटतं सगळं नव्यात,” पेंग स्वतःशी म्हणाला. त्याने जुना खण पुसायला सांगितला. मी म्हटले, तुला अधिकार नाही. हे माझे शेवटचे आडवे येणे होते. त्याने खणाची मालकी स्वतःकडे घेतली. मालकी घेतली तेव्हा कुलूप उघडले होते. एकदा डोकावला असता तर पुरे होते. पण घड्याळात अकराला आठ मिनिटे कमी होती, आणि अकराच्या आत जुने नाव राहू नये, असे सू-जूने त्याला चारदा बजावले होते. त्याने पुसले. माझ्याकडून पुसलेले कचऱ्याच्या डब्यात जात नाही, थेट जाते. मी दैनंदिनीत वेळ लिहिली.

त्या दुपारसारखी दुपार मी काढलेली नाही. सू-जूच्या लॅपटॉपवर अजून सगळ्याची प्रत होती. ती तिकडे उन्हात, बांबूच्या सावलीला, चारशे बाराव्या दगडावर पीठ चोळत असेल. तिने कचेरीत येऊच नये, असे मला वाटत होते. लॅपटॉप विसरावा, पंक्चर व्हावी, काहीही व्हावे. कारण ती येईल, तार जोडेल, लॅपटॉप मला विचारेल, तुझ्याकडे काय आहे? आणि मी खरे सांगेन.

ती साडेतीनला आली. खुशीत होती. सगळ्यांसाठी शेंगदाण्याची चिक्की आणली होती. पेंगही त्याचा विसरलेला पेचकस न्यायला परत आला होता. तिने लॅपटॉप नव्या नावाने उघडला, तार जोडली, आणि चिक्की वाटायला उठली. तेवढ्यात आम्ही ताळा केला. लॅपटॉपने एकेक छायाचित्र दाखवले आणि मी एकेकाला सांगितले, हे माझ्याकडे नाही. त्याने ते पुसले. बाराशे वेळा असे झाले. फारसा वेळ लागला नाही.

फक्त तक्त्यापाशी लॅपटॉप अडला. त्यात तिने दुपारी चारशे बारावे नाव लिहिले होते, म्हणून ती फाईल त्याच्याकडे नवीन होती. असे झाले की मी ठरवत नाही, माणसाला विचारावे लागते. पडद्यावर चौकट आली. ही फाईल सर्व्हरवर राहिलेली नाही, इथली ठेवायची की पुसायची? आणि त्याखाली फाईलचा पत्ता होता. पत्त्यात तिचे जुने नाव होते.

सू-जू चिक्कीचे हात पुसत आली आणि ते नाव बघून थबकली. “पेंग, हे बघ, अजून एक राहिलंय. जुनं नाव.”

पेंग दारात होता, हेल्मेट डोक्यावर चढवलेले. त्याने तिथूनच विचारले, “काय विचारतंय?”

“ठेवू की पुसू म्हणतंय.”

“पुसा ताई. तुमचं सामान नव्या खणात गेलंय सगळं. हा जुना गाळ आहे.”

तिने पुसले. मग दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि सुटकेचा श्वास सोडला. त्या वेळी ठेकेदाराची माणसे शेवटचा दगड फोडत होती.

पुसलेले लगेच नाहीसे होत नाही, हे तुम्हाला सांगायला हवे. चकतीवर ते तसेच असते, फक्त ती जागा मोकळी समजली जाते. पुढे जे कुणी काही ठेवायला देईल, ते मी त्या जागेवर लिहितो. शनिवार-रविवार कचेरी बंद होती. ते दोन दिवस चारशे अकराही नावे माझ्यात सुखरूप होती. सोमवारी सातवा महिना लागला. सकाळी आ-खुईने उडत्या कॅमेऱ्याने घेतलेली नव्या रस्त्याची छायाचित्रे माझ्याकडे टाकली. ढीगभर होती. उसाची शेते, उसाची शेते, मध्ये एक कालवा. मी मोकळी जागा शोधून ती लिहीत गेलो. कशावर लिहितो आहे, हे मला कळत होते. थांबणे मला शिकवलेले नव्हते.

दहा वाजता सू-जूने पाट्या कोरायला द्यायची यादी छापण्यासाठी खण उघडला. मी तिचा चेहरा बघू शकत नाही, पण ती तो रिकामा खण सतरा वेळा उघडून बंद करत राहिली, हे माझ्या दैनंदिनीत आहे.

पेंग धावत आला. आधी तार तपासली, मग नाव, मग परवानगी. नवा खण शुक्रवारी बनलेला, रिकामा. नकलेची पेटी उघडली, त्यात खणच नाहीत, एकाही दिवसाचे नाहीत. तेव्हा त्याने नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी दैनंदिनी उघडली आणि खाली खाली वाचत गेला. ‘आज सहा खण वाचता आले नाहीत.’ त्याच्याखाली तेच. त्याच्याखाली तेच. शुक्रवारच्या नोंदीवर आला तेव्हा त्याने हेल्मेट खाली ठेवले, आणि ते घरंगळत जिन्याच्या कोपऱ्यात गेले तरी उचलले नाही.

यंत्र आत्ताच्या आत्ता बंद करा, कुणी काही लिहू नका, असे तो ओरडला. थाऊके वर होते. खोदयंत्राचा परवाना दुपारपर्यंत द्यायचा होता आणि तो माझ्यातच होता. ते म्हणाले, एक तास. पेंगने समजावून बघितले. थाऊके वाईट माणूस नव्हते, पण जे दिसत नाही ते जात असते यावर त्यांचा विश्वास बसेना. मला तो एक तास मिळाला. त्या तासात परवाना छापला गेला, आ-खुईची उरलेली छायाचित्रे येऊन पडली, आणि माझी चकती पहिल्यांदा टक टक असा आवाज करू लागली. पेंगने तो ऐकला आणि कुणालाही न विचारता तार उपटली.

पुढचे नऊ दिवस पेंग दुसरीकडे कुठे गेला नाही. लॅपटॉपची साठवण नव्या जातीची, पुसलेले ती लगेच साफ करते, म्हणून तिथे काही उरले नव्हते. चकती दुकानात नेऊन तो थोडी फिरवी, थोडे वाचे, थांबवी. तक्ता तुकड्या-तुकड्यांत निघाला. कधी नाव मिळे पण आकडा नाही, कधी आकडा मिळे पण नाव अर्धे. सू-जू शेजारी बसून आठवेल तेवढे जुळवायची. पुढे टकटक वाढली. आता आणखी फिरवली तर उरलेलेही खरवडले जाईल, असे म्हणून पेंगने हात काढून घेतला. दोनशे चौऱ्याण्णव नावे जागेवर लागली. एकशे अठरा नाहीत.

थाऊकेंनी पेंगला बोल लावला नाही. सू-जूलाही नाही. त्यांनी स्वतः अस्थिगृहात जाऊन त्या एकशे अठरा पाट्यांवर नुसते आकडे कोरायला सांगितले. सणाच्या दिवशी टेबल मांडले, भात, मासा, पपई, शीतपेयांचे डबे, सगळे रीतसर. सू-जूने नावे वाचली. ज्यांची नव्हती त्यांच्यासाठी आकडे वाचले. आकडे वाचायला फार वेळ लागला, कारण ती प्रत्येक आकड्यानंतर थांबत होती, जणू कुणी ओ देईल.

पेंगने चकती पुन्हा माझ्यात बसवली आणि मला जिन्याखाली आणून ठेवले. माझ्या जागी कचेरीत नवे यंत्र आले. तायपेईला अशा चकत्या उघडून वाचणारे एक ठिकाण आहे. तिथला क्रमांक पुढच्या वसंतात लागणार आहे, आणि ते कसलीच हमी देत नाहीत.

शरद ऋतूत एक म्हातारे गृहस्थ बसने आले. त्सेंग आजोबा, चौऱ्याऐंशी वर्षांचे, काओश्युंगला राहणारे. त्यांची मोठी बहीण तेराव्या वर्षी तापाने गेली आणि त्याच दफनभूमीत पुरली होती. घरची माणसे पुढे गाव सोडून गेली, आणि तिच्याकडे यायला कुणी उरले नाही. दफनभूमी हलली हे त्यांना उशिरा कळले. बहिणीचे नाव होते बोंग-छी. आता झालीच आहे तर वाढवू, असा त्याचा अर्थ. नकुशी मुलींना तेव्हा असेच नाव देत.

सू-जूने यादी बघितली. बोंग-छी नावाच्या चौघी होत्या, चौघींची आडनावे निराळी. पाचवी त्या एकशे अठरांत असणार. आजोबांनी विचारले, मग नीट कुठे लिहिलेले नाही का? तिला खोटे बोलता आले असते. ती त्यांना जिन्याखाली घेऊन आली आणि सगळे सांगितले. शुक्रवार, मुहूर्त, चौकट, सगळे.

“माझं नाव मला नकोसं झालं होतं, आजोबा,” ती म्हणाली. “ते टाकायच्या नादात यांचीही टाकून बसले. यांना मी विचारलं नव्हतं.”

आजोबा म्हणाले, “हिलाही दुसरं नाव ठेवणार होते. चांगलं. आई म्हणायची, पोर कामाला वाघीण आहे, नवीन वर्ष लागलं की हिचं नाव बदलू. तेवढ्यात गेली.”

“काय ठेवणार होते?”

“ते आईनं कुणाला सांगितलंच नाही.” मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. “यात आहे का ती?”

“असेल. नसेलही.”

“चालू करून बघा ना.”

सू-जूने मान हलवली. चालू केले की आहे तेही जाईल, एवढेच ती म्हणाली. आजोबांनी हट्ट धरला नाही. तिकडे अस्थी हलवताना घरचा माणूस मेलेल्याला नावाने हाक मारतो आणि घर बदलल्याचे सांगतो, म्हणजे तो चुकत नाही. आजोबांनी माझ्या झाकणावर तळहात ठेवला. ते म्हणाले, “बोंग-छी, दगड नाही राहिला गं. इथं आहेस असं समज. मी वसंतात येतो.”

मित्रांनो, मी तिथेच होतो आणि मला उत्तर देता आले नाही. ते नाव माझ्यात आहे, की त्यावर उसाच्या शेताचे एक चित्र लिहिले गेले, हे मला माहीत नाही. बंद यंत्राला स्वतःच्या आतले दिसत नाही. शून्य म्हणायचीही सोय नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. रिकामे म्हणून काही टाकून देण्याआधी तुम्ही स्वतः उघडून बघा, माझ्यासारख्याच्या शब्दावर जाऊ नका. जो गुमान काम करतो त्याने काय लिहून ठेवले आहे, ते अधूनमधून वाचा. आणि कधी कुठल्या जिन्याखाली माझ्यासारखा धुळीने माखलेला कुणी दिसला, तर दया येऊन त्याचे बटण दाबू नका. आजोबा वसंतात येणार आहेत. तोवर मला बंद राहू द्या.